चतुराबाईचं धुराडं

सावळीराम पगारे यांना नाशिकच्या जेलरोडवरच्या सोसायटीत सगळे नाना म्हणतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते बॉयलरच्या देखभालीला फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. माणूस उंचापुरा, आवाज दणदणीत. बॉयलरच्या घरघरीत आयुष्य काढलं की घरातही ओरडूनच बोलायची सवय लागते. नुसतं ‘चहा टाक’ म्हणाले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. त्या आवाजाला पुरून उरायच्या त्या फक्त त्यांच्या पत्नी, चतुराबाई. त्या बोलायला लागल्या की नाना आपोआप हळू बोलायचे.

दोन वर्षांपूर्वी चतुराबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. म्हणजे त्या मुक्या झाल्या असं नाही. ‘नाय’ तेवढं नीट निघायचं; बाकी शब्द यायचा, पण भलताच यायचा. पाणी हवं असलं तरी ‘भाकर’, पंखा लावा म्हणायचं असलं तरी ‘भाकर’. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन समजावलं होतं, “त्यांना सगळं कळतंय. काय म्हणायचंय तेही डोक्यात पक्कं असतं. तोंडापर्यंत येता येता शब्द बदलतो, एवढंच. त्यांच्यावर चिडू नका आणि त्यांना लहान मुलासारखंही वागवू नका.”

नाना चिडले नाहीत. ते सूर ओळखायला शिकले. लांबवलेली भाकर म्हणजे कूस बदला. तुटक भाकर म्हणजे पाणी. लागोपाठ दोनदा भाकर म्हणजे टीव्हीचा आवाज कमी करा. तरी दिवसातून चार वेळा त्यांना अर्थ लागायचा नाही. मग चतुराबाई डोळे मिटून घ्यायच्या आणि नाना उगाच चादर नीट करत बसायचे.

चादरीचंच तर सगळं होतं. चतुराबाईंना डायपरने पुरळ उठायचं, म्हणून अंगाखाली सुती कापड घालायचं ठरलं. जुनी लुगडी फाडून तुकडे केले, मऊ चादरी कापल्या. ते सगळं रोज धुवायचं. आयुष्यात स्वतःचा रुमाल न धुतलेले नाना आता पहाटे उठून दुपटी भिजत घालायला लागले. धुणं जमलं, पण पावसाळ्यात वाळणं जमेना. दमट कापड पाठीखाली गेलं की कातडी लाल व्हायची. घरी तपासायला येणाऱ्या नर्स बाई बजावून गेल्या होत्या, “नाना, एकदा जखम झाली की ती भरायला महिने लागतात. कापड कोरडंच पाहिजे. कोरडं म्हणजे कडकडीत कोरडं.”

त्यांची मुलगी राखी पुण्यात एका दवाखान्यात काम करते. तिच्या ओळखीचं एक कुटुंब परदेशी चाललं होतं. त्यांनी घरातला ड्रायर तिला देऊन टाकला आणि तिने तो टेम्पोत घालून नाशिकला पाठवला. आपल्याकडे ड्रायर म्हटलं की वॉशिंग मशीनमधलं, कपडे गरगर फिरवून पाणी काढणारं टोपलं डोळ्यांसमोर येतं. हा तसला नव्हता. याच्या पोटात भला मोठा ड्रम होता. तो गरम हवेत फिरायचा आणि कपड्यातली वाफ मागच्या बाजूच्या, दंडाएवढ्या जाड पाइपातून थेट घराबाहेर जायची. नानांनी त्याला ड्राय बाल्कनीत जागा केली, भिंतीला भोक पाडलं आणि पाइपाचं तोंड बाहेर काढलं. पहिल्यांदा त्यातून कढत, कोरडी, पापडासारखी चादर बाहेर आली तेव्हा नानांनी त्या मशीनला चक्क हात जोडले. मागचा अख्खा पावसाळा त्या मशीनने निभावून नेला होता.

यंदा ऑगस्टात झड लागली आणि मशीनने दगा दिला.

आधी ते नुसतं रेंगाळायला लागलं. एका फेरीत वाळणारी दुपटी दोन फेऱ्या घ्यायला लागली. नाना म्हणाले, हवाच ओली आहे, त्याला मशीन तरी काय करणार. मग एका सकाळी ड्रम फिरला, दिवा लागला, वेळ संपल्याची घंटीही वाजली. पण दार उघडलं तर आत थंडगार, चिंब चादरी.

नानांना मनातून थोडा आनंदच झाला. निवृत्त झाल्यापासून हत्यारांची पेटी पलंगाखाली पडून होती. त्यांनी ती ओढून काढली, चष्मा पुसला, मशीनची वायर काढली आणि मागचा पत्रा उघडला. काम त्यांनी शिस्तीत केलं. सॉकेटला करंट येतोय का पाहिलं, येत होता. दारातली धूळ अडवणारी जाळी पाहिली, ती तर ते रोज साफ करायचे. पट्टा शाबूत होता. हीटरची कॉइल मीटरने तपासली, ती जिवंत होती. शेवटी कॉइलच्या डोक्यावर बसवलेल्या बोटाच्या पेराएवढ्या फ्यूजला मीटरची टोकं लावली. काटा हलला नाही.

“सापडला!” नाना एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या लताबाई दारात आल्या.

“काय सापडलं, नाना?”

“चोर! हा बघा. आत जास्त तापलं की हा स्वतः जळतो आणि मशीन वाचवतो. बिचारा कामी आला.”

नाशिकरोडला धम्मपालचं दुरुस्तीचं दुकान आहे. नानांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा तो मुलगा. फोन केल्यावर तो पावसात भिजत आला, “जयभीम नाना, जयभीम मावशी” करत थेट बाल्कनीत शिरला आणि तसलाच फ्यूज बसवून दिला. त्याने जास्तीचा एक नानांच्या पेटीतही टाकला. मशीन तापलं. चतुराबाईंच्या अंगाखाली कोरडं कापड आलं. नानांनी धम्मपालला बळेबळे पोहे खायला बसवलं.

पण हे सुख टिकलं नाही. दोन दिवस दुपटी गरम निघाली, तरी आत ओलसरपणा राहायचाच. बाल्कनीच्या काचांवर दव धरायचं. तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा थंड पडलं. नानांनी मीटर लावला. नवा फ्यूजही गेलेला.

धम्मपाल परत आला. मशीनसमोर उकिडवा बसून त्याने डोकं खाजवलं.

“नाना, एक करतो. हा फ्यूज काढून डायरेक्ट जोडतो. पाऊस संपेपर्यंत चालवा, मग निवांत बघू.”

“नाय.”

“अहो, मावशींचे हाल होतायत म्हणून म्हणतोय.”

“मला काय कळत नाय का ते?” नानांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “हे बघ धम्मपाल, आख्खं आयुष्य बॉयलरवर काढलं मी. धोका दिसला की मशीन बंद पाडणारी ट्रिप कधी डायरेक्ट केली नाय. तो जळतोय म्हणजे आत कायतरी लय तापतंय. त्याचं तोंड बांधलं तर आग लागंल, अन् ही बाई पलंगावरून उठून पळू शकत नाय.”

धम्मपालने हत्यारं गोळा केली. “खरं आहे नाना. माझं चुकलं.” आणखी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहतो म्हणून तो गेला.

त्यानंतर नानांना काही सुचेना. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट त्यांनी काढून गरम पाण्यात घालून तपासला. ठणठणीत होता. पंख्याचं पातं हाताने फिरवून पाहिलं, मोकळं फिरत होतं. कॉइल पुन्हा तपासली. सगळं नीट आणि मशीन बंद. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. घरभर दोऱ्या बांधल्या होत्या, पंख्याखाली दुपटी लोंबत होती आणि घराला ओल्या कापडाचा आंबूस वास यायला लागला होता. लताबाई येता-जाता दोन-चार दुपटी उचलून घरी न्यायच्या आणि इस्त्री फिरवून कोरडी करून आणायच्या. “माझी इस्त्री चालूच असते हो,” असं म्हणायच्या. नानांना माहीत होतं, चालू नसते.

एके दिवशी दुपारी कूस बदलताना चतुराबाईंच्या कमरेवर लाल चट्टा दिसला. नानांनी त्यावर हलकेच बोट टेकवलं. लाली गेली नाही. त्यांनी पावडर लावली, लताबाईंनी दिलेलं शेवटचं कोरडं दुपटं अंथरलं आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून राहिले.

तेवढ्यात चतुराबाई म्हणाल्या, “धुराडं.”

नानांनी चमकून पाहिलं. “काय म्हणालीस?”

“धुराडं.” अगदी स्वच्छ.

नाना ताडकन उठले. “लताबाई! ओ लताबाई! ही बोलली! धुराडं म्हणाली! भाकर नाय, धुराडं!”

लताबाई हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आल्या. दोघांनी चतुराबाईंना घेरलं. “पुन्हा म्हणा वहिनी!” “म्हण की गं, म्हण!”

चतुराबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. कपाळाला आठी पडली. “धुराडं,” त्या म्हणाल्या आणि डाव्या हाताने खिडकीकडे दाखवलं.

खिडकीतून, दूर, एकलहऱ्याची उंच धुराडी दिसतात. पावसात ती अर्धी ढगात बुडाली होती. नानांचे डोळे भरून आले. “आठवली होय गं तुला? हो हो, आपलीच ती. बघ, आज टोकं दिसत नायत. थांब, तुला नीट बसवतो.” त्यांनी पाठीमागे उशी लावून चतुराबाईंना उंच केलं, खिडकीचा पडदा पूर्ण सारला. “दिसलं?”

“नाय!” चतुराबाईंनी हात गादीवर आपटला. “नाय. भाकर! धुराडं... फू.” त्यांनी वाकड्या ओठांनी फुंकर मारली. “फू... नाय.”

“चहा गरम हाय का?” नाना म्हणाले. पण चहा तर नव्हताच.

“फू नाय!” चतुराबाई आता खरोखर वैतागल्या होत्या. डोळ्यांत पाणी तरळलं. इतक्या दिवसांनी हवा तो शब्द तोंडात आला होता, आणि समोरची दोन शहाणी माणसं टाळ्या वाजवण्यात गुंग होती.

नानांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ते शांत झाले. “थांब चतुरा. रागावू नको. तू काय बघतीस ते मला बघू दे.” त्यांनी उशा काढल्या, चतुराबाईंना पुन्हा त्या नेहमी असतात तसं आडवं केलं, आणि स्वतः जमिनीवर गुडघे टेकून आपलं डोकं त्यांच्या उशीवर, त्यांच्या गालाशी गाल लावून ठेवलं.

लताबाई हळूच मागे सरकल्या.

त्या उशीवरून दिसणारी खिडकी वेगळीच होती. उभ्या माणसाला दिसणारा रस्ता नाही, झाडं नाहीत, लांबची धुराडीही जेमतेम. दिसत होती खिडकीची खालची चौकट, पाऊस, आणि चौकटीच्या अगदी कडेला बाल्कनीच्या भिंतीतून बाहेर आलेलं ड्रायरच्या पाइपाचं तोंड.

“धुराडं,” चतुराबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. “फू नाय.”

नाना तसेच थबकले. मशीन आल्यापासून दिवसचे दिवस चतुराबाई या उशीवर पडून होत्या. मशीन लागलं की त्या पाइपातून पांढरी वाफ भसाभस निघायची, आणि दुसरं काही बघायला नसलेल्या त्यांनी ती रोज बघितली होती. ती बारीक होत गेलेली त्यांनीच बघितली होती. बंद झालेलीही त्यांनीच. नाना मशीनच्या पोटात उष्णता शोधत बसले होते. हवा कुठे जाते हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

“अरे माझ्या कर्मा,” ते पुटपुटले. “ड्राफ्ट! हवेचा ओढच नाय तर काय होणार!” वीज केंद्रात भट्टीतला धूर ओढून धुराड्यात ढकलणारा राक्षसी पंखा त्यांनी उमेदीच्या काळात किती वेळा खोलून पुन्हा बसवला होता. धुराला वाट मिळाली नाही की बॉयलर बंद, हे त्यांनी नव्या पोरांना शिकवलं होतं.

खिडकीच्या गजांतून हात घालून त्यांनी पाइपाचं तोंड चाचपलं. बोटांना काहीतरी मऊ, ओलं, जाड लागलं. तोंडावर बारीक जाळी होती आणि जाळीला आतून कपड्यांतून झडलेली तूस, बारीक धागे, चिकटून तिचा जाड थर झाला होता, हवेचा कणही जाणार नाही असा घट्ट. ती जाळी यंदा पावसाच्या तोंडावर नानांनीच बसवली होती. पाली-उंदीर आत येऊ नयेत म्हणून, तारेने आवळून, मोठ्या कौतुकाने.

त्यांनी पक्कड आणून जाळी उपटली. मग बाल्कनीत जाऊन पाइप मशीनपासून सोडवला आणि वाकवलेल्या तारेने आतून तूस ओढायला लागले. ती निघतच राहिली. करड्या रंगाचे लोळ, त्यात चतुराबाईंच्या हिरव्या लुगड्याचे धागे, नानांच्या बनियनचा पांढरा कापूस. अर्धी बादली भरली. नाना ती बादली घेऊन पलंगाशी आले.

“हे बघ. तुझं धुराडं. अन् ही जाळी बसवणारे इंजिनियर तुझ्यासमोर उभे हायेत.”

चतुराबाईंनी बादलीत पाहिलं, नानांच्या नाकावर बसलेल्या तुशीकडे पाहिलं आणि त्या हसल्या. अर्ध्या चेहऱ्याने, पण खदाखदा. झटका आल्यापासून त्या अशा हसल्याच नव्हत्या. हसता हसता म्हणाल्या, “भाकर!” या भाकरीचा अर्थ लावायची नानांना गरज पडली नाही.

पेटीतला फ्यूज होताच. तरी नानांनी धम्मपालला बोलावलं. हे त्याच्यासमोर व्हायला हवं असं त्यांना वाटलं. धम्मपालने फ्यूज बसवला, नानांनी पाइप जोडला, ओल्या चादरी भरल्या आणि बटण दाबलं. मग दोघंही बाल्कनी सोडून चतुराबाईंच्या खोलीत येऊन खिडकीपाशी उभे राहिले. थोडा वेळ काहीच नाही. मग पाइपाच्या तोंडातून पांढरी वाफ फुसफुसली आणि बघता बघता पावसात झोत सुटला.

“फू!” चतुराबाई ओरडल्या.

“कसं शोधलंत, नाना?” धम्मपालने विचारलं.

“मी कुठं शोधलं? हिनं शोधलं. मी नुसती हमाली केली.” नाना एरवीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले. “लय दिवस सांगत असंल. मला ऐकू येत नव्हतं.”

धम्मपालने पलंगाशी जाऊन चतुराबाईंचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. “मावशी, दुकानात बसा माझ्या,” तो म्हणाला. “गिऱ्हाईकाचं मशीन आलं की तुम्हालाच दाखवतो.”

तो गेल्यावर नानांनी पहिली चादर काढली. ती इतकी कढत होती की या हातातून त्या हातात झेलत आणावी लागली. जरा निवल्यावर त्यांनी ती चतुराबाईंच्या अंगाखाली सरकवली, सुरकुत्या काढल्या. चतुराबाईंनी बोटांनी कापड चाचपलं आणि लांब श्वास सोडला. खोलीतला आंबूस वास कुठल्या कुठे गेला होता.

नाना स्टुलावर बसले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ‘आभारी आहे’ हे समारंभात, माइकवर बोलायचं वाक्य. ते घरात बायकोला कसं म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकलहऱ्याच्या क्वार्टरमधले दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर आले. ड्यूटीवरून आले की राखेने आणि कोळशाने काळे झालेले कपडे दाराशी टाकायचे. सकाळी खुंटीला स्वच्छ, कोरडे कपडे तयार असायचे. पावसाळ्यातसुद्धा.

“चतुरा,” त्यांनी विचारलं, “पावसाळ्यात माझे कपडे कसे वाळवायचीस गं? तिथं तर असलं मशीन नव्हतं.”

चतुराबाईंनी बराच वेळ शब्द शोधला. ओठ हलले, थांबले. मग त्यांनी बोलायचा नाद सोडला आणि डावा हात हवेत सपाट फिरवला, एकदा पुढे, एकदा मागे, मध्येच चटका बसल्यासारखा झटकन उचलून. नानांना कळलं. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर गरम तव्यावर त्यांच्या पँटचे पाय एकेक करून फिरवलेले असणार.

“रोज?”

चतुराबाईंनी मान हलवली. त्यात विशेष काय, अशी.

नानांनी त्यांचा तो हात धरला आणि कपाळाला लावला.

कमरेवरचा चट्टा आठवड्याभरात निवळला. नर्स बाईंनी पाठ तपासली आणि “छान ठेवलंय हो, नाना” म्हणाल्या. राखीने फोनवर सगळी हकीकत दोनदा ऐकली, एकदा नानांकडून आणि एकदा आईकडून. आईची हकीकत म्हणजे धुराडं, फू आणि सहा-सात भाकरी, पण राखीला ती जास्त आवडली. डॉक्टरांनी सांगितलं, जो शब्द आलाय त्याच्या आसपासचे शब्द रोज घ्या. तेव्हापासून नाना दुपारी थोडा वेळ त्या उशीवर डोकं टेकून चतुराबाईंना दिसतं ते बघतात आणि एकेका वस्तूचं नाव घेतात. गज, पाऊस, वाफ. ‘वाफ’ परवा आला. ‘गज’ अजून भाकरच आहे.

झड संपायच्या आधी एक दिवस लताबाई दारात घुटमळत उभ्या राहिल्या. हातात नातीचा ओला गणवेश होता.

“नाना, उद्या वेदिकाच्या शाळेत कार्यक्रम आहे. आणि आमच्या इस्त्रीने आजच मान टाकली. चालेल का हो?”

“चालेल का म्हणजे? आमची दुपटी दाबून दाबूनच गेली ना ती इस्त्री?” नानांनी गणवेश घेतला, तिथूनच आत हाक दिली. “चतुरा, लताबाईंचं काम आलंय गं! लावू का मशीन?”

आतून उत्तर आलं, तुटक आणि ठणठणीत, “लावा.”

नाना गणवेश हातात धरून जागीच उभे राहिले. लताबाईंनी तोंडावर पदर घेतला. आत चतुराबाईंनी मान खिडकीकडे वळवली होती आणि त्या वाफेची वाट बघत होत्या.